ऐंशी जागा आणि बाकीचे सगळे

पुणे जिल्ह्याचं जवाहर नवोदय विद्यालय शिरूर तालुक्यात पिंपळे जगतापला आहे. सहावीच्या वर्गात ८० जागा. त्यासाठी जिल्हाभरातली पाचवीची हजारो मुलं ऐन हिवाळ्यात दोन तासांची एक परीक्षा देतात. ८० प्रश्न, १०० गुण. त्यातले ४० प्रश्न बुद्धिमत्तेचे, २० अंकगणिताचे, २० भाषेचे. नंबर लागला तर बारावीपर्यंत राहणं, जेवण आणि शिक्षण जवळजवळ सगळं सरकारी खर्चानं. निकाल आला की गावाच्या फाट्यावर फ्लेक्स झळकतो. त्यावर मुलाचा फोटो, वर्गशिक्षकांचा फोटो आणि खाली शुभेच्छुकांची रांग. शुभेच्छुक कधीकधी मुलापेक्षा मोठे छापलेले असतात, पण तो विषय वेगळा.

परीक्षा प्रामाणिक आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. उत्तरपत्रिका यंत्र तपासतं. त्याला मुलाचं आडनाव कळत नाही, बापाची ओळख कळत नाही. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांना, एक तृतीयांश मुलींना, शिवाय अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी आणि दिव्यांगांसाठी राखीव. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाबरोबर देशभर पसरलेल्या या शाळांची कल्पनाच अशी, की खेड्यातल्या हुशार पोराला गरिबीनं अडवू नये. मग यादीत आलेली ८० मुलं हुशार आणि बाकीची कमी हुशार, असं म्हणायला हरकत काय? शिक्षणाच्या समाजशास्त्रात गेली सत्तर-ऐंशी वर्षं या एका प्रश्नाभोवती भांडण चालू आहे. त्या भांडणाचा आढावा पॅरिस-लंडनमधून घेता येतो, तसा शिरूर आणि शेजारच्या दौंड तालुक्यातूनही घेता येतो. इथून घेतला तर त्यातल्या काही गोष्टी जास्त स्पष्ट दिसतात, आणि काही सिद्धांत उघडे पडतात.

सुरुवात बहुतेक जण मायकेल यंगपासून करतात. ब्रिटिश मजूर पक्षाचा १९४५ चा जाहीरनामा ज्यानं लिहिला, तोच हा समाजशास्त्रज्ञ. १९५८ मध्ये त्यानं गुणवत्तेच्या राज्याची एक काल्पनिक कथा लिहिली. कथेतल्या २०३४ सालच्या इंग्लंडमध्ये बुद्ध्यंक अधिक मेहनत बरोबर गुणवत्ता, असं समीकरण ठरलेलं आहे. त्यानुसार माणसांचे वरचे आणि खालचे थर लागलेले आहेत, आणि खालच्यांना तक्रार करायलाही तोंड उरलेलं नाही. पूर्वी गरीब म्हणायचा, संधी मिळाली नाही. आता त्याला सांगितलं जातं की संधी दिली होती, तूच कमी पडलास. पुस्तक उपहासाचं होतं. राज्यकर्त्यांनी त्यातलं उपहासाचं राज्य आदर्श म्हणून उचललं. २००१ मध्ये म्हातारपणी यंगनं टोनी ब्लेअर यांना वर्तमानपत्रातून तसं जाहीरपणे सुनावलं, पण तोवर उशीर झाला होता.

यंगच्या डोळ्यांपुढे होती इंग्लंडची अकराव्या वर्षीची निवडपरीक्षा. त्या एका परीक्षेवर कोणतं मूल चांगल्या शाळेत जाणार आणि कोणतं साध्या शाळेत, हे ठरायचं. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ राल्फ टर्नरनं १९६० मध्ये या पद्धतीला प्रायोजित चढण म्हटलं. वरच्यांनी लहानपणीच काही जणांना निवडायचं, आपल्यात घ्यायचं आणि त्यांच्यावर खर्च करायचा. उलट शर्यतीच्या पद्धतीत सगळ्यांना शक्य तितका वेळ पळू द्यायचं आणि निकाल उशिरा लावायचा. पिंपळे जगतापची परीक्षा टर्नरच्या पहिल्या खान्यात चपखल बसते. वयही तेच, दहा-अकरा. फरक इतकाच की इंग्लंडमध्ये चांगल्या शाळेत पाचातलं एखादं तरी मूल जायचं. इथे अख्ख्या जिल्ह्याला ८० जागा.

आपल्याकडे मात्र या वादाची सुरुवात यंगच्या आधी पाऊण शतक झाली आहे. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुल्यांनी शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. सरकारचा महसूल घाम गाळणाऱ्या कुणब्याकडून येतो आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, हा त्यातला मुख्य मुद्दा पुष्कळांना माहीत असतो. वरच्यांना शिकवलं की ज्ञान आपोआप खाली झिरपतं, हा सरकारी समज त्यांनी खोडला आणि प्राथमिक शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं. पण त्याच निवेदनात शिष्यवृत्त्यांबद्दल एक लहानसा भाग आहे, आणि आजच्या विषयासाठी माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा. फुले म्हणतात, स्पर्धेनं शिष्यवृत्ती देणं वरवर पाहता न्यायाचं असलं तरी त्यानं इतर वर्गांत शिक्षण पसरत नाही. तेव्हा काही शिष्यवृत्त्या ज्या वर्गांत शिक्षण पोहोचलेलंच नाही त्यांना द्याव्यात. परीक्षा न्याय्य असू शकते आणि तरीही तिचा परिणाम अन्यायाचा असू शकतो, ही गोष्ट एका परिच्छेदात सांगून माणूस पुढच्या मुद्द्याकडे वळतो. शिक्षकांचा पगार दरमहा बारा रुपयांहून कमी नसावा, अशीही त्यांची मागणी होती. पाश्चात्त्य समाजशास्त्राला इथवर यायला १९६० चं दशक उजाडावं लागलं.

त्याच हंटर आयोगापुढे त्याच वर्षी पंडिता रमाबाईंचीही साक्ष झाली होती. पुढे दुष्काळात निराधार झालेल्या मुली-बायकांना घेऊन त्यांनी दौंड तालुक्यातल्या केडगावला मुक्ती सदन उभारलं. तिथल्या छापखान्यात खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतची कामं या मुलींनी केली. ज्या मुलींची नावं कोणत्याही शाळेच्या हजेरीपटावर आली नसती, त्यांच्या हातून पुस्तकं छापून निघाली. रमाबाईंनी त्यांची निवडपरीक्षा घेतली नव्हती. भुकेनं दारात आली ती आत आली, एवढाच निकष.

महाराष्ट्रातली पुढची मोठी पावलंही निवडीपेक्षा राहण्या-खाण्याच्या सोयीवर भर देणारी होती, हे लक्षात घेण्याजोगं आहे. शाहू महाराजांनी १९०२ मध्ये नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या, हे सर्वज्ञात. पण कोल्हापुरात त्यांनी जातीजातींची वसतिगृहं उभी केली आणि १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. भाऊराव पाटलांची रयत १९१९ मध्ये सुरू झाली. कमवा आणि शिका तिथलंच. १९५९ मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या सरकारनं कमी उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांची फी माफ केली. त्या ईबीसी, म्हणजे आर्थिक मागासांच्या, सवलतीवर ग्रामीण महाराष्ट्राची एक अख्खी पिढी पदवीधर झाली. आज शिरूर-दौंडमध्ये निवृत्त झालेले शिक्षक, बँक अधिकारी, तलाठी भाऊसाहेब आपल्या यशाचं श्रेय मेहनतीला देतात. मेहनत खरीच होती. पण पहाटे उठून अभ्यास केल्याची आठवण जितकी ताजी असते, तितकी फीच्या पावतीवरच्या शून्याची राहत नाही.

आता फ्रान्सकडे. पिअर बोर्द्यू आणि पासरों यांनी १९६४ आणि १९७० मधल्या दोन पुस्तकांत मांडलेला मुद्दा थोडक्यात असा. शाळा सगळ्यांना सारखंच शिकवते, पण जे शिकवते आणि ज्या भाषेत शिकवते ते काहींच्या घरी आधीच असतं. त्या घरातलं मूल शाळेत येतं ते आपल्याच अंगणात आल्यासारखं, दुसरं परक्या गावात. शाळा हा फरक गुणांमध्ये बदलते आणि घरचा वारसा व्यक्तीची प्रतिभा म्हणून प्रमाणित करते. इंग्लंडमध्ये बेसिल बर्नस्टीनच्या गटानं मुलांना खाद्यपदार्थांची चित्रं वेगवेगळ्या गटांत लावायला सांगितली. मध्यमवर्गीय मुलांनी प्राण्यांपासून मिळणारे, समुद्रातले असे शाळेला आवडणारे गट केले. कामगारांच्या मुलांनी आमच्या घरी सकाळी खातो ते, मला आवडत नाही ते, असे केले. पुन्हा लावायला सांगितल्यावर पहिल्या मुलांना दुसरी रीतही जमली. म्हणजे अक्कल दोघांनाही होती. समोरच्याला कोणतं उत्तर हवंय याचा अंदाज मात्र एकालाच होता.

हे आपल्याकडे कसं दिसेल? समजा प्रश्न आला: कोयता, विळा, कुऱ्हाड, मोळी, यांत वेगळं कोण? अपेक्षित उत्तर मोळी, कारण बाकीची अवजारं. फडावर वाढलेलं पोर कुऱ्हाड म्हणेल, कारण ऊसतोडीला ती लागतच नाही. त्याचं वर्गीकरण चुकलेलं नाही. यंत्राला मात्र एकच गोळा काळा झालेला दिसतो.

नवोदयच्या बुद्धिमत्ता विभागातला एक प्रकार बघा. चौकोनी कागद एकदा दुमडलाय, परत दुमडलाय, मग भोक पाडलंय. उलगडल्यावर कसा दिसेल? चार पर्याय. ज्या मुलानं असे प्रश्न पुस्तकात शेकड्यांनी सोडवलेत, ते कागद मनातल्या मनात उलगडतही नाही. भोकांची संख्या मोजून दोन पर्याय आधीच खोडतं. पहिल्यांदा बघणाऱ्याचा निम्मा वेळ विचारलंय काय हे कळण्यात जातो. ८० प्रश्नांना १२० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट. आरशातली प्रतिमा, लपलेली आकृती, पूर्ण करा, वेगळा ओळखा, असे ठरलेले प्रकार दरवर्षी तेच असतात. ठरलेल्या प्रकारांची तयारी करून घेता येते, आणि तयारी करून घेणारा माणूस कुठे आहे यावर पुष्कळ काही ठरतं. तो माणूस शिरूर शहरात क्लास चालवणारा असेल, आई-बाप दोघंही शिक्षक असलेल्या घरात घरचाच असेल, आणि काही ठिकाणी जिल्हा परिषदेचा गुरुजी असेल, जो दिवाळीच्या सुट्टीतही जादा तास घेतो.

बोर्द्यूचा सिद्धांत इथे जसाच्या तसा लागू करणाऱ्यांशी माझं एक भांडण आहे. तो ज्या घरच्या वारशाला सांस्कृतिक भांडवल म्हणतो, तो म्हणजे चित्रं, संगीत, भाषेची नजाकत. शिरूरच्या सधन बागायतदाराच्या घरी यातलं फारसं काही नसतं, आणि तरी त्याच्या मुलाला पुढे जायला अडचण येत नाही. इथलं खरं भांडवल कागदांचं आहे. उत्पन्नाचा दाखला कोणत्या महिन्यात काढायचा, नॉन-क्रिमिलेअरची मुदत कधी संपते, जात पडताळणीचा प्रस्ताव अकरावीतच टाकायचा, नावातला एक काना कमी पडला तर राजपत्रात दुरुस्ती कशी करायची. २०२५ पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर केंद्रीय ऑनलाइन पद्धतीनं होतो. पसंतीक्रम कसा भरायचा आणि पहिल्या फेरीत नको तिथे नंबर लागला तर काय होतं, हे ज्याला आधी कळतं त्याचे गुण जणू वाढतात. सायबर कॅफेवाल्यावर सोडणारा बाप आणि स्वतः मोबाइलवर भरणारा बाप यांच्या मुलांत एका टक्क्याचाही फरक नसताना कॉलेजात फरक पडतो. अमेरिकेत ॲनेट लॅरोनं २००३ मध्ये दाखवलं की मध्यमवर्गीय पालक संस्थांशी बोलायला, अडून बसायला, सवलत मागायला मुलांना शिकवतात. आपल्याकडे तहसील कचेरीच्या खिडकीशी तेच शिकवलं जातं, किंवा शिकवलं जात नाही.

या दोन तालुक्यांत कागद, पैसा आणि फुरसत कुठून येते, तेही पाहायला हवं. चासकमान आणि घोडचं पाणी पोहोचलं तिथे ऊस आला. दौंडला खडकवासल्याच्या कालव्यानं तेच केलं. पाटसचा भीमा, न्हावऱ्याचा घोडगंगा असे कारखाने उभे राहिले. मग रांजणगाव, सणसवाडी, कुरकुंभचे औद्योगिक पट्टे आले. जमिनी विकल्या गेल्या, भाड्याच्या खोल्यांच्या चाळी उठल्या. ज्याच्या नावावर सातबारा होता त्याच्या नातवाला इंग्रजी माध्यमाची पिवळी बस न्यायला येते. ज्याच्या नावावर नव्हता तो त्याच कंपनीत कंत्राटी लागला. उत्तरेतून आणि मराठवाड्यातून आलेल्या कामगारांची मुलं मात्र जिल्हा परिषदेच्या शाळेत दिसतात, आणि कित्येक शाळांचा पट आज त्यांच्यामुळेच टिकलाय. पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाईच्या पट्ट्यात पाण्याची बोंब तशीच राहिली. तालुका एकच, पण गुणवत्ता पिकवायला लागणारं पाणी सगळीकडे सारखं पोहोचलेलं नाही.

१९६६ चा अमेरिकेतला कोलमन अहवाल म्हणाला होता की शाळेच्या इमारती, प्रयोगशाळा यांपेक्षा घरची परिस्थिती आणि सोबतची मुलं निकाल ठरवतात. त्यातून अनेकांनी सोयीचा निष्कर्ष काढला: शाळेनं फारसं काही होत नाही. या निष्कर्षाला शिरूर तालुक्यानंच उत्तर दिलंय. शिक्रापूरजवळची वाबळेवाडीची जिल्हा परिषद शाळा २०१२ च्या सुमारास दोन पडक्या खोल्यांची होती. दत्तात्रय वारे गुरुजी आले, गावानं जमीन दिली, वर्गणी जमवली, कंपन्यांच्या सामाजिक निधीतून काचेच्या भिंतींचे वर्ग उभे राहिले. वरच्या वर्गातली मुलं खालच्यांना शिकवू लागली. खासगी शाळेतून मुलं काढून इथे घालायला पालक रांगेत उभे राहिले आणि राज्याच्या आंतरराष्ट्रीय दर्जाच्या शाळांत तिचं नाव आलं. पुढे गुरुजी खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरला गेले; त्या शाळेला २०२५ मध्ये लोकांच्या पसंतीचा जागतिक पुरस्कार मिळाला. शेतकऱ्यांची तीच मुलं, जिल्हा परिषदेचा तोच फळा, आणि निकाल वेगळा. एकेका घराकडे जे भांडवल नव्हतं ते गावानं एकत्र येऊन उभं केलं. बोर्द्यूच्या हिशेबात घर आहे आणि वर्ग आहे, गाव नाही. ती त्याच्या सिद्धांतातली उणीव आहे, आपण ती भरून काढायला हवी.

पण वाबळेवाडीची गोष्ट इथेच थांबवली तर ती अर्धीच सांगितल्यासारखं होईल. शाळा चांगली झाली आणि जागा अपुऱ्या पडल्या. प्रतीक्षा यादी हजारांत गेल्याच्या बातम्या आल्या. प्रवेश आणि देणग्यांवरून वाद झाले, चौकशा झाल्या. सरकारी शाळा चांगली झाली म्हणून तिच्यातही निवडीचा प्रश्न आला. दोष शाळेचा नव्हे; आजूबाजूच्या शाळा तशा न होण्याचा आहे.

विषमता जागा कशी बदलते, याबद्दलचं समाजशास्त्र इथे उपयोगी पडतं. राफ्टरी आणि हाउट यांनी आयर्लंडच्या अभ्यासावरून १९९३ मध्ये दाखवलं की एखादी शैक्षणिक पायरी वरच्या वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांनी गाठल्याशिवाय त्या पायरीवरची विषमता कमी होत नाही. २००१ मध्ये सॅम्युअल लुकसनं पुढचं सांगितलं: पायरी सगळ्यांना मिळाली की वरचे लोक त्याच पायरीवर जास्त दर्जेदार कोपरा शोधतात. आपल्या दहावीकडे पाहा. एके काळी दहावी पास होणं हाच सण होता. २०२४ मध्ये राज्याचा निकाल ९५.८१ टक्के लागला, २०२५ मध्ये ९४.१० टक्के. पास होण्याची किंमत गेली; शर्यत सरकली ती टक्क्यांकडे, टक्क्यांकडून जेईई-नीटकडे, तिथून इंटिग्रेटेड क्लासकडे, जिथे कॉलेज फक्त हजेरीपुरतं. दौंडहून पहाटेच्या शटलनं पुण्याला जाऊन सायन्स करणारा मुलगा आणि पुण्यात फ्लॅट घेऊन आईसह राहिलेला मुलगा आज एकाच पायरीवर आहेत. रोजचे प्रवासाचे तीन-चार तास कोणत्याही गुणपत्रिकेत लिहिलेले नसतात.

याची दुसरी बाजू रोनाल्ड डोर यांनी १९७६ मध्येच मांडली होती. नोकऱ्या कमी आणि पदव्या जास्त झाल्या की त्याच नोकरीला आणखी मोठी पदवी लागते, आणि शिकणं बाजूला राहून प्रमाणपत्र गोळा करणंच उरतं. पोलीस शिपायाला बारावी पुरते. भरतीला उतरतात पदवीधर आणि इंजिनिअर. दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे गट आहेत, त्यामुळे वर्दीचं स्वप्न इथे डोळ्यांसमोर रोज कवायत करतं. पहाटे रस्त्याच्या कडेनं पळणारी पोरं-पोरी सोळाशे मीटर, आठशे मीटर, गोळाफेक, सगळं सेकंदांत आणि मीटरांत बोलतात. मैदानाचे ५० गुण, लेखीचे १००. अकॅडमीत पंचवीस-सव्विसाव्या वर्षापर्यंत थांबलेल्या मुलाला आपण नापास म्हणत नाही, तो तयारी करतोय म्हणतो. यंगच्या काल्पनिक राज्यात खालच्यांना कळून चुकलेलं असतं की आपण कमी आहोत. इथे कळायला वेळ लागतो, कारण पुढची जाहिरात येणारच असते.

भारतात या विषयाला जातीशिवाय हात घालता येत नाही. सतीश देशपांडे यांनी २००६ मध्ये लिहिलेल्या लेखात मुद्दा स्वच्छ केला. स्पर्धापरीक्षेतल्या यशाला तीन गोष्टी लागतात: पैसा, सामाजिक-सांस्कृतिक पाठबळ आणि स्वतःची क्षमता व कष्ट. हे तिहेरी विश्लेषण मूळचं मार्क गॅलंटरचं. पहिल्या दोन गोष्टी वारशानं मिळतात, गुण मात्र तिसरीच्या खात्यावर जमा होतात. अजंता सुब्रमण्यन यांनी २०१९ च्या पुस्तकात मद्रास आयआयटीच्या इतिहासातून दाखवलं की वरच्या जातींचा वारसा बिनजातीची गुणवत्ता म्हणून कसा वावरू लागतो, आणि जात फक्त आरक्षणवाल्याच्या कपाळावर कशी उरते. जानेवारी २०२२ मध्ये नीटमधल्या ओबीसी आरक्षणाच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानंही मान्य केलं की खुल्या परीक्षेतले गुण म्हणजे संपूर्ण गुणवत्ता नव्हे.

तरीही शिरूर-दौंडच्या चावडीवर हा वाद वेगळ्याच वळणानं चालतो. २०१६ च्या मराठा मूक मोर्चांपासून गुणपत्रिका हीच साक्ष झाली. माझ्या मुलाला एवढे टक्के असून प्रवेश नाही, त्याला कमी असून आहे. मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मराठा आरक्षण रद्द केलं, फेब्रुवारी २०२४ मध्ये १० टक्क्यांचा नवा कायदा आला. आरक्षण मागणाराही गुणांचीच भाषा बोलतो आणि विरोध करणाराही. गंमत अशी की पाच एकर कोरडवाहू जमीन असलेल्या मराठा शेतकऱ्याची तक्रार देशपांड्यांच्या तीन गोष्टींतून नीट समजते. पैसा नाही, इंग्रजीचं पाठबळ नाही, मुलगा कष्टाळू आहे. पण याच तर्कानं शेजारच्या वस्तीवरच्या मुलाची तक्रार त्याहून मोठी ठरते, आणि तिथे पोहोचलं की बैठक मोडते. माझं मत सांगायचं तर गुणांची तुलना दोन मुलांत करण्यापेक्षा एका मुलाच्या निघण्याच्या जागेशी करणं जास्त प्रामाणिक. नवोदय ग्रामीण मुलांना वेगळं मोजतं, तेव्हा सरकारनं हे तत्त्व मान्य केलेलंच आहे. शहरातल्या ९० आणि वाडीवरच्या ७० ला एकाच तराजूत घालायचं नाही, हे पाचवीत चालतं. बारावीनंतर मात्र त्यावरून रस्त्यावर उतरायची वेळ येते.

यादीच्या चर्चेत जे येतच नाहीत त्यांच्याबद्दल आता. दिवाळी झाली की बीड, पाथर्डीकडून टोळ्या येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. फडाच्या कडेला कोप्या पडतात. मोठी बहीण धाकट्याला सांभाळते, आई-बाप अंधारात कोयता घेऊन निघतात. शिक्षण हमी कार्ड आहे, त्यावर मूल जाईल तिथल्या शाळेत बसू शकतं. बीडकडे हंगामी वसतिगृहं आहेत. कारखान्यांच्या साखरशाळाही होत्या. पण नवोदयचा नियम बघा. ज्या जिल्ह्यातलं नवोदय त्याच जिल्ह्यात पाचवी शिकत असावं लागतं, आणि ग्रामीण जागेसाठी तिसरी, चौथी, पाचवी पूर्ण वर्षं ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत झालेली असावी लागतात. परीक्षा येते डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे गाळप ऐन भरात असताना. पाटसच्या शिवारात कोपीत असलेल्या बीडच्या मुलाला पुण्याच्या ८० जागा नियमानं बंद, आणि बीडच्या परीक्षेला बसायला दोनशे किलोमीटर कोण नेणार? या नियमात कोणाचा दुष्टावा नाही. नियम करणाऱ्याच्या मनात मूल म्हणजे एका जागी राहणारं मूल, एवढंच.

शिरूर तालुक्यात या सगळ्याला एक वेगळं उत्तर देणारी जागा आहे, आणि ती तालुक्याच्या कोरड्या भागात आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधन सोडून १९८३ मध्ये पाबळला आले आणि त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. तो जे. पी. नाईक यांच्या भारतीय शिक्षण संस्थेचा भाग. नाईक कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. परिसरातल्या सगळ्या मुलांनी एकाच शाळेत जावं ही त्या आयोगाची शिफारस पुढे कागदावरच राहिली. पाबळला शाळा सोडलेली मुलं वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, शेती, कुक्कुटपालन शिकता शिकता मोजमाप आणि विज्ञान शिकतात. अमेरिकेच्या एमआयटीबाहेरच्या पहिल्या फॅब लॅबपैकी, म्हणजे संगणकानं चालणाऱ्या यंत्रांच्या कार्यशाळांपैकी, एक इथे सुरू झाली. इथून निघालेला मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय राज्यातल्या अनेक माध्यमिक शाळांत आठवी ते दहावी शिकवला जातो: आठवड्यातला एक दिवस कार्यशाळा, ऊर्जा, शेती, गृह-आरोग्य. अमर्त्य सेन यांनी म्हटलंय की गुणवत्ता काय हे समाज कशाला मोल देतो त्यावर ठरतं. पाबळला मोल आहे चाललेल्या पंपाला आणि ओळंब्यात उभ्या राहिलेल्या भिंतीला. भोक पाडलेला कागद मनात उलगडता न येणारं पोर पत्र्याचं नरसाळं बेतून, कापून, वळवून दाखवतं, आणि भूमिती तीच असते.

१८८२ च्या त्याच निवेदनात फुल्यांनी प्राथमिक शाळेत शेतीचं शिक्षण आणि शाळेला जोडून लहानसं नमुना शेत मागितलं होतं. त्यात एक धोका आहे आणि पाबळला तो टळलेला असला तरी इतरत्र टळत नाही. गरिबाच्या मुलाला हाताचं काम आणि श्रीमंताच्या मुलाला डोक्याचं, अशी वाटणी व्हायला वेळ लागत नाही. इंग्रजी माध्यमाच्या शाळांनी मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय उत्साहानं घेतल्याचं ऐकिवात नाही. पंपाचा पिस्टन काढून बसवता येणं हे अकरावी सायन्सच्या प्रवेशात किंवा नवोदयच्या परीक्षेत एका गुणाचंही धरलं जात नाही, तोवर हुशार पोराचा बाप त्याला कार्यशाळेच्या दिवशी शाळेत न पाठवता क्लासलाच पाठवणार, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.